पाचव्या गिअरमध्ये आरपीएम चढतो पण गाडी पळत नाही: जुन्या एमएक्स-५चा स्लिप होणारा क्लच

ऑक्सफर्डजवळ राहणाऱ्या एका मराठी गाडीवेड्याचा प्रश्न आहे. त्याच्याकडे १९९५ची माझ्दा एमएक्स-५ आहे, १.८ लिटर इंजिन, पाच गिअर, टर्बो वगैरे काही नाही. एम-४० वरून लंडनकडे जाताना स्टोकनचर्चचा चढ लागतो. तिथे पाचव्या गिअरमध्ये ताशी ७० मैलांवर त्याने अॅक्सिलरेटर दाबला, तर आरपीएमचा काटा साडेतीन हजारांवरून ४,२००पर्यंत गेला आणि वेग होता तिथेच राहिला. मागून जळका वास आला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी व्यवस्थित चालली. गॅरेजवाला म्हणतो, खाली ऑइल गळतंय, म्हणजे रिअर मेन सील (क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला ऑइल अडवणारं सील) गेलं, क्लच आणि सील दोन्ही बदला. मित्र म्हणतो, हायड्रॉलिकमध्ये (पेडलचा जोर द्रवाने क्लचपर्यंत नेणाऱ्या यंत्रणेत) हवा शिरली असेल, ब्लीड करून, म्हणजे ती हवा बाहेर काढून बघ. आणि याला स्वतःला वाटतं की खर्च करायचाच आहे तर दणकट ‘स्टेज २’, म्हणजे मूळपेक्षा जास्त टॉर्क धरणारा क्लच टाकावा. काम घरीच जमेल का, हेही विचारलंय.

उत्तर आधी देतो, कारणं मागून येतील. क्लच स्लिप होतोय यात शंका नाही आणि गिअरबॉक्स खाली उतरवावा लागण्याची शक्यता मोठी आहे. पण तो उतरवण्यापूर्वी अर्धा तास काढून क्लच *का* स्लिप होतोय ते शोधा. नवी क्लच प्लेट टाकून गाडी बाहेर काढायची आणि मूळ कारण आतच राहायचं, असं झालं की तेच सहा तासांचं काम पुन्हा करावं लागतं. दुसऱ्यांदा आलेल्या अशा गाड्या माझ्या हाताखालून बऱ्याच गेल्या आहेत. मालकाचा चेहरा बघवत नाही.

मित्राचा सल्ला आधी बाजूला करू. हायड्रॉलिकमध्ये हवा असली किंवा स्लेव्ह सिलिंडर (द्रवाच्या दाबाने क्लच सोडवणारा, गिअरबॉक्सजवळचा सिलिंडर) गळत असला, तर क्लच पूर्ण *सुटत* नाही. गिअर पडताना घासतो, रिव्हर्स टाकताना कर्रकन वाजतो, पेडल मऊ लागतं. स्लिप हा याच्या बरोबर उलटा आजार आहे, त्यात क्लच पूर्ण *धरत* नाही. जुन्या एमएक्स-५चे स्लेव्ह सिलिंडर वारंवार गळतात हे खरं, म्हणूनच या गाडीच्या क्लचची तक्रार आली की जो तो स्लेव्हकडे बोट दाखवतो. पण गळक्या स्लेव्हने क्लच स्लिप होत नाही. हायड्रॉलिकमुळे स्लिप होतो तो एका वेगळ्याच प्रकारे, त्याकडे पुढे येतो.

क्लच किती टॉर्क धरू शकतो याचा हिशेब साधा आहे. प्रेशर प्लेटचा डायफ्रॅम स्प्रिंग क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबतो. प्लेटला दोन घर्षणपृष्ठं असतात. दाब, घर्षणगुणांक आणि सरासरी त्रिज्या यांचा गुणाकार करा आणि त्याची दुप्पट घ्या. तुमच्या १.८च्या प्लेटचा बाहेरचा व्यास २१५ मि.मी. आहे. हिशेबापुरती सरासरी त्रिज्या ९० मि.मी., घर्षणगुणांक ०.३ आणि दाब साडेचार हजार न्यूटन धरू. उत्तर येतं सुमारे २४० न्यूटन-मीटर. इंजिन देतं सुमारे १५०. म्हणजे धडधाकट क्लचकडे भरपूर राखीव ताकद असते. आता त्याच प्लेटवर ऑइल पडून घर्षणगुणांक ०.१५वर आला असं समजा. क्षमता १२०वर आली. रोजच्या शहरातल्या चालवण्यात काहीच कळणार नाही, कारण तिथे १२० लागतच नाहीत. चढावर पाय दाबला की मात्र लगेच उघडं पडतं. दाब कमी झाला तरी अगदी हेच होतं. म्हणून ‘शहरात तर मस्त चालते’ हे ऐकून क्लच चांगला आहे असं कधीही समजू नका.

स्लिप पहिल्यांदा वरच्याच गिअरमध्ये का दिसतो? दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला तर इंजिन झपाट्याने फिरू लागतं आणि त्याच्या टॉर्कचा बराच वाटा स्वतःचं फ्लायव्हील आणि क्रँकशाफ्ट यांचा वेग वाढवण्यातच जातो. क्लचपर्यंत उरलेलाच पोहोचतो. चौथ्या-पाचव्यात गाडी हळूहळू वेग घेते, इंजिनही हळूच चढतं, त्यामुळे जवळजवळ सगळा टॉर्क क्लचमधून जातो आणि तोही बराच वेळ.

आता खात्री कशी करायची ते. अंदाजावर जायची गरज नाही, या गाडीचं गणित सोपं आहे. चौथा गिअर थेट, म्हणजे एकास एक. पाचव्याचं गुणोत्तर ०.८१४, मागच्या डिफरन्शियलचं ४.१. मूळ मापाची टायर असतील तर चौथ्यात दर हजार फेऱ्यांना साधारण १६ मैल आणि पाचव्यात २० मैल वेग मिळतो. म्हणजे पाचव्यात ७० मैलांना सुमारे ३,५०० आरपीएम यायलाच हवेत. तुम्हाला आधी नेमके तेवढेच दिसत होते. मग त्याच वेगाला ४,२०० दिसले, तर वरच्या ७०० फेऱ्या क्लचमध्ये घसरून गेल्या. दुसरीकडे कुठे जायला त्यांना वाटच नाही. गिअरबॉक्सच्या आत दात दातांत अडकलेले असतात, तिथे घसरण होत नाही. गिअर सुटला तर तो न्यूट्रलमध्ये उडतो आणि ते लगेच कळतं.

पुन्हा तपासायचं तर मोकळ्या रस्त्यावर, हलक्या चढाला, चौथ्या गिअरमध्ये ४० मैलांवर या. काटा अडीच हजारांच्या आसपास असेल. पाय पूर्ण दाबा आणि काटा बघा. चांगल्या क्लचमध्ये काटा आणि वेग हातात हात घालून चढतात. स्लिप होणाऱ्यात काटा आधी उडी मारतो, कधी मग थोडा खाली येऊन स्थिरावतो. दोन वेळा केलं की पुरे. हँडब्रेक ओढून चौथ्यात क्लच सोडायचा आणि इंजिन बंद पडतं का बघायचं, ही जुनी परीक्षा बरेच जण सांगतात. मी ती टाळतो. या गाड्यांचा हँडब्रेक बहुधा तितका भक्कम उरलेला नसतो, गाडी पुढे उडते आणि आधीच तापलेल्या प्लेटला आणखी भाजतो आपण.

भाजणं म्हणजे किती, तेही सांगतो. ७०० फेऱ्यांचा फरक आणि क्लचमधून सुमारे ११० न्यूटन-मीटर, यांचा गुणाकार आठ किलोवॉट उष्णता होतो. घरातल्या एक किलोवॉटच्या आठ इस्त्र्या फ्लायव्हीलला एकदम टेकवल्या तर होईल तेवढं तापणं. प्लेटमधलं राळेचं बंधन यात जळतं, वास त्याचाच. थंड झाल्यावर पकड बरीचशी परत येते म्हणून दुसऱ्या दिवशी गाडी ठीक वाटली. तोपर्यंत थोडं नुकसान होऊन गेलेलं असतं आणि पुढच्या वेळी क्लच त्याहून कमी भाराला घसरतो. तेव्हा निदान होईपर्यंत मोटरवे नको, चढावर हलका पाय, आणि लांबच्या प्रवासाला दुसरी गाडी.

आता कारणाचा शोध. तीन ठिकाणी बघायचं आणि पहिलं ठिकाण पेडल. यात पैसा लागत नाही, म्हणून सुरुवात इथून.

चालकाच्या पायाजवळ वाकून क्लच पेडल बोटांनी हलकेच दाबा. पेडलमागच्या मास्टर सिलिंडरचा पुशरॉड (पेडलचा जोर पुढे देणारी दांडी) पिस्टनला टेकेपर्यंत थोडी मोकळी हालचाल मिळायला हवी, एक ते तीन मि.मी.च्या आसपास. ही मोकळीक फुकटची नाही. पिस्टन पूर्ण मागे आला की सिलिंडरमधलं एक बारीकसं भोक उघडं होतं आणि आतला द्रव टाकीशी जोडला जातो. क्लच प्लेट झिजत जाते तशी डायफ्रॅमची बोटं रिलीज बेअरिंगकडे (क्लच सोडताना त्यांना दाबणाऱ्या बेअरिंगकडे) सरकतात, स्लेव्हच्या पिस्टनला मागे ढकलतात आणि तेवढा द्रव या भोकातून टाकीत परततो. केबलच्या क्लचमध्ये जे आपण नट फिरवून करतो ते इथे आपोआप होतं. पण पुशरॉड जास्त लांब केलेला असला तर पिस्टन त्या भोकापलीकडे मागे येतच नाही. द्रव अडकतो. इंजिन तापलं की तो प्रसरण पावतो, स्लेव्ह हळूच बाहेर येतो, आणि तुमचा पाय पेडलवर नसतानाही कोणीतरी अर्धा क्लच दाबून धरल्यासारखा परिणाम होतो. मागच्या मालकाने ‘क्लच खाली धरतो’ म्हणून पुशरॉड फिरवून बाइट पॉइंट (क्लच धरू लागतो ती पेडलची जागा) वर आणला असेल, तर हे हमखास घडतं. नवा मास्टर सिलिंडर बसवून पुशरॉड न जुळवल्यासही हेच.

दुसऱ्या दोन कारणांचाही परिणाम असाच होतो. स्लेव्हकडे जाणारा रबरी होज आतून सुजून एकतर्फी झडपेसारखा वागू लागतो: पायाच्या जोराने द्रव जातो, परत मात्र रेंगाळत येतो. किंवा कोणीतरी टाकीत ब्रेक फ्लुइडऐवजी खनिज तेल ओतलेलं असतं आणि सगळी रबरी सीलं फुगलेली असतात. टाकीचं रबरी झाकण फुगून वेडंवाकडं झालेलं दिसलं तर हाच संशय घ्या.

याची परीक्षा निर्णायक आहे आणि ती गाडी गरम असतानाच करायची. स्लिप सुरू झाला की सुरक्षित जागी थांबा, इंजिन बंद करा, स्लेव्ह सिलिंडरच्या ब्लीड निपलला पारदर्शक नळी लावा आणि निपल पाव फेरी उघडा. डोळ्यांवर चष्मा हवाच. पेडलला कोणी हात लावायचा नाही. द्रव चुरकन जोरात उडाला तर आत दाब कोंडला होता. निपल बंद करा, टाकी भरा, गाडी चालवून बघा. स्लिप गायब झाला असेल तर क्लचला हात लावण्याआधी पुशरॉड, होज आणि मास्टर बघा. नुसता थेंब-थेंब आला तर हायड्रॉलिक निर्दोष, पुढे चला. किती जणांनी चांगल्या प्लेटा काढून फेकल्या असतील या एका परीक्षेअभावी, असं मला नेहमी वाटतं.

दुसरं ठिकाण ऑइल. गॅरेजवाल्याने खाली ऑइल बघून रिअर मेन सील म्हटलं. शक्य आहे. पण १९८९ ते ९७च्या पहिल्या पिढीच्या एमएक्स-५मध्ये कॅम अँगल सेन्सर (कॅमशाफ्टची स्थिती सांगणारा) सिलिंडर हेडच्या अगदी मागच्या टोकाला, बल्कहेडला (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीला) चिकटून बसतो. त्याची ओ-रिंग काही वर्षांत प्लास्टिकसारखी कडक होते. मग ऑइल इंजिनच्या पाठीवरून उतरत बेलहाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या कवचाच्या) सांध्यावर येतं आणि नेमकं तिथून टपकतं जिथून रिअर मेन सीलचं टपकलं असतं. ओ-रिंग काही पौंडांची असते, सील बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. म्हणून आधी हात घाला सेन्सरखाली. बोटं ओली आणि काळी आली तर चोर बहुधा सापडला. सगळं ब्रेक क्लीनरने पुसा, ओ-रिंग बदला, काही दिवस चालवा आणि पुन्हा बघा. सेन्सर सोडवण्याआधी त्याच्या स्थितीवर खूण करायला विसरू नका, तो फिरला की इग्निशनचं टायमिंग बदलतं.

बाहेरून टपकणारं ऑइल क्लचवर जातंच असं नाही. बघायचंय ते आत. रिलीज फोर्क बेलहाउसिंगमधून जिथे बाहेर येतो तिथे रबरी बूट असतो. तो सरकवा आणि फोनला जोडायचा स्वस्तातला बोरस्कोप आत घाला. कोरडी राखाडी धूळ दिसली तर ऑइलचा प्रश्न नाही. भिंतींवर काळा, चिकट, धुळीत कालवलेला थर दिसला तर आतलं सील गळतंय. बोटाला लावून वास घ्या. इंजिन ऑइल काळं असतं आणि जळकट लागतं. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो, एकदा घेतला की विसरत नाही. पहिलं असेल तर रिअर मेन सील, दुसरं असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील. ब्रेक फ्लुइड फोर्कच्या बुटापाशी ओलसर दिसलं तर ते स्लेव्हचं, त्याचा इथे संबंध नाही, पण स्लेव्ह बदलायची नोंद करून ठेवा.

तिसरं, साधी झीज. हायड्रॉलिकही ठीक आणि आतही कोरडं, तर प्लेट संपली आहे. तीस वर्षांच्या गाडीत हीच शक्यता सगळ्यात मोठी. पेडल किती वर धरतं यावरून या गाडीत झिजेचा अंदाज बांधू नका, हायड्रॉलिक बरंचसं झाकून टाकतं. इथे एक गोष्ट आपल्या माणसांना आवर्जून सांगतो. महाराष्ट्रात गाडी शिकलेल्या बऱ्याच जणांना घाटात ट्रकमागे हाफ क्लचवर गाडी धरायची आणि चालतानाही डावा पाय पेडलवर टेकवून ठेवायची सवय असते. पायाचं नुसतं वजन ती दोन-तीन मि.मी.ची मोकळीक खाऊन टाकतं, रिलीज बेअरिंगवर सतत भार राहतो आणि प्लेटवरचा दाब कमी होतो. एमएक्स-५ची पायाजवळची जागा अरुंद आहे, पाय नकळत पेडलवर जातो. डाव्या बाजूला पाय टेकायला जागा आहे, तिथे टेकवा. चढावर थांबताना हँडब्रेक.

गिअरबॉक्स उतरवण्याचं काम घरी जमतं, पण जमिनीवर झोपून एकट्याने करायचं हे काम नव्हे. गिअरबॉक्स पस्तीस किलोच्या आसपास भरतो आणि तो सांध्यात सरळ बसवायचा असतो. दोन माणसं, गिअरबॉक्ससाठीचा जॅक आणि चार भक्कम अॅक्सल स्टँड हवेत. गाडी इतकी उंच हवी की जॅकवरचा गिअरबॉक्स बेलहाउसिंगसकट बाहेर सरकेल. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. स्टँडवर ठेवल्यावर गाडी हाताने जोरात हलवून बघायची आणि मगच खाली शिरायचं.

सगळी पायरीन् पायरी मॅन्युअलमध्ये आहे. बॅटरी सोडवा, ऑइल काढा, आतून गिअर लिव्हर काढा, एक्झॉस्टचा मधला भाग आणि प्रोपेलर शाफ्ट उतरवा. शाफ्टच्या फ्लँजवर आधी खूण करा, म्हणजे तो होता तसाच परत बसेल. स्लेव्ह सिलिंडर पाइप न उघडता दोन बोल्ट काढून बाजूला बांधून ठेवा आणि त्यानंतर क्लच पेडल कोणी दाबणार नाही याची काळजी घ्या, नाहीतर पिस्टन बाहेर उडतो. स्टार्टर, स्पीडोमीटरची केबल, रिव्हर्सच्या दिव्याची वायर. इथपर्यंत कुठल्याही मागच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीसारखंच.

एमएक्स-५चं वेगळेपण पुढे आहे आणि घरी काम करणारे तिथेच फसतात. या गाडीत गिअरबॉक्सखाली नेहमीसारखा क्रॉसमेंबर नाही. गिअरबॉक्सचं शेपूट आणि मागचं डिफरन्शियल यांना जोडणारी एक लांब अॅल्युमिनियमची चौकट आहे, माझ्दा तिला पॉवर प्लांट फ्रेम म्हणते. पायाला इंजिनचा प्रतिसाद थेट जाणवतो त्यात या चौकटीचा मोठा वाटा आहे. पण गिअरबॉक्सचा मागचा भार तिच्यावरच आहे. म्हणून चौकटीचा पहिला बोल्ट सैल करण्यापूर्वी गिअरबॉक्सखाली जॅक लागलेला असलाच पाहिजे. चौकटीवर क्लिपांनी बसवलेल्या वायरी आधी सोडवा, त्या ताणल्या की तुटतात. डिफरन्शियलच्या बाजूचे स्पेसर गंजून जाम झालेले असतात, इथल्या मिठाच्या रस्त्यांवर तर हमखास. आदल्या रात्रीच भेदक तेल मारून ठेवा, हातोडीने चौकटीचे कान तोडू नका.

चौकट सुटली की इंजिन माउंटवर मागे कलतं. तेव्हा मघाचा तो कॅम सेन्सर बल्कहेडवर आपटू शकतो, कलू देताना एकाने वरून नजर ठेवावी. बेलहाउसिंगचे वरचे बोल्ट वरून दिसतात पण पाना लागत नाही. गिअरबॉक्सच्या मागून, त्याच्या डोक्यावरून, जवळजवळ मीटरभर लांब एक्स्टेन्शन आणि टोकाला लवचिक सांधा लावला की ते सहज सुटतात.

जुनी प्लेट हातात आली की ती लगेच कचऱ्यात टाकू नका. धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि मास्क लावा. ब्रिटनमध्ये अॅस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी १९९९ साली आली, तुमच्या गाडीत आधी कुठली प्लेट कधी बसवली गेली ते ठाऊक नाही. रिव्हेटची डोकी पृष्ठभागाच्या किती खाली आहेत ते मोजा. माझ्दाची मर्यादा ०.३ मि.मी. आहे, त्याहून कमी म्हणजे प्लेट संपली. जाडी भरपूर आहे पण पृष्ठभाग काचेसारखा चकाकतोय, तर ती तापून ग्लेझ झाली आहे, आणि दाब कमी का पडला हे पुन्हा विचारा. मध्यापासून बाहेरच्या कडेकडे किरणांसारखे काळे ओघळ असतील तर आतून ऑइल येतंय, फिरण्याच्या वेगाने ते बाहेर फेकलं गेलं आहे. एक बाजू जास्त झिजली असेल तर फ्लायव्हील किंवा प्रेशर प्लेट वाकडी आहे. डायफ्रॅमच्या बोटांच्या टोकांवर चकचकीत खोबण पडली असेल तर रिलीज बेअरिंग सतत दाबलेलं होतं, म्हणजे पायाची सवय किंवा पुशरॉड.

फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा केसासारख्या चिरा बघा. डाग आणि हलके ओरखडे असतील तर मशीन शॉपमध्ये ग्राइंड करून घ्या, या गाडीचं फ्लायव्हील एकसंध असल्याने ते चालतं. नखाला अडकणाऱ्या चिरा असतील तर बदला. बीएमडब्ल्यू किंवा पोर्शच्या कित्येक मॉडेल्समध्ये असतं तसं दुहेरी, आत स्प्रिंग असलेलं फ्लायव्हील असतं तर हा मार्गच वेगळा झाला असता.

सुटे भाग घेताना प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि फ्लायव्हीलमधलं स्पिगॉट बेअरिंग (इनपुट शाफ्टचं टोक धरणारं) एकत्र घ्या. रिअर मेन सील कोरडं असेल तरी मी ते बदलतो. तीस वर्षांचं रबर परत आत ठेवून गिअरबॉक्स चढवायला माझं मन होत नाही. इनपुट शाफ्टचं सील, गिअर लिव्हरखालचे रबरी बूट आणि स्लेव्ह सिलिंडरही याच वेळी.

स्टेज २बद्दल माझं स्पष्ट मत: नको. मघाच्या हिशेबात बघितलंत, मूळ मापाचा चांगला क्लच तुमच्या इंजिनाच्या दीडपट टॉर्क धरतो. उद्या टर्बो बसवणार असाल तर गोष्ट वेगळी. नाहीतर जड पेडल, झटक्याने धरणारी प्लेट आणि ट्रॅफिकमध्ये दुखणारा गुडघा एवढंच मिळेल. हलका पाय आणि हलकं पेडल हीच या गाडीची गंमत आहे, ती पैसे देऊन घालवू नका. एक्सेडी ही क्लच बनवणारी जपानी कंपनी आहे, तिचा साधा किट उत्तम चालतो. एक काळजी घ्या: १.६ची प्लेट २०० मि.मी.ची असते, किट मागवताना इंजिन नीट सांगा. मागच्या मालकाने फ्लायव्हील बदललेलं असू शकतं, तेव्हा जुनी प्लेट मोजून मगच ऑर्डर द्या.

बसवताना फ्लायव्हीलचे बोल्ट ९६ ते १०३ न्यूटन-मीटर, चोपडीप्रमाणे आळीपाळीने, आणि जुनेच वापरणार असाल तर आट्यांना सीलंट. प्रेशर प्लेटचे बोल्ट १८ ते २६, समोरासमोर थोडे थोडे, एकदम एक बाजू आवळली तर कव्हर वाकतं. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटवरचं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसून काढा, हात स्वच्छ ठेवा. प्लेटची स्प्रिंगची बाजू गिअरबॉक्सकडे. इनपुट शाफ्टच्या दातांवर ग्रीस अगदी पुसटसं, लावून पुन्हा पुसलेलं. जास्त लावलं की ते फिरताना प्लेटवरच उडतं आणि आपण पुन्हा पहिल्या पानावर येतो. केंद्र जुळवायचं हत्यार किटमध्ये येतं, ते वापरा.

गिअरबॉक्स चढवताना तो प्लेटच्या मध्यावर क्षणभरही लटकू देऊ नका, हब वाकतो. शेवटचे एक-दोन सें.मी. बसत नसतील तर बोल्टांनी ओढायचं नाही. मागे घ्या, इंजिन-गिअरबॉक्सचा कोन जुळवा, आउटपुट टोकाकडून शाफ्ट थोडा फिरवा, तो स्वतःहून सरकतो. पॉवर प्लांट फ्रेम परत लावताना तिची उंची मॅन्युअलप्रमाणे मोजून मगच बोल्ट शंभराच्या वर न्यूटन-मीटरला आवळा. अंदाजे आवळली तर ठरावीक वेगाला गुरगुर येते आणि माणसं नव्या क्लचला दोष देतात. गिअरबॉक्समध्ये ७५ डब्ल्यू-९० जीएल-४ ऑइल, साधारण दोन लिटर.

शेवटी पेडलची ती मोकळीक पुन्हा मोजा, नवा स्लेव्ह असेल तर ब्लीड करा. पहिले पाचशे मैल गावात, वारंवार गिअर बदलत, हलक्या पायाने चालवा, म्हणजे नवी प्लेट फ्लायव्हीलवर सारखी बसेल. त्या काळात चढावरचे जोरदार स्टार्ट नकोत. नंतर बेलहाउसिंगखाली एक कोरा पुठ्ठा रात्रभर ठेवा. सकाळी तो कोरडा असेल तर चौथ्या गिअरची तीच परीक्षा पुन्हा घ्या, आणि आकडे जुळले की स्टोकनचर्चच्या चढाला पाय बिनधास्त दाबा.